गेमचं मशीन माणूस मारू शकतं का? भयकथा लिहिणाऱ्या पोट्ट्याला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू दिवाळी अंकासाठी भयकथा लिहून राहिला, नागपुरातल्या जुन्या गेम पार्लरमधलं एक मशीन खेळणाऱ्या पोरांना एकेक करून मारतं आणि शेवटी व्हीआर हेडसेट घातलेल्या हिरोच्या मेंदूत करंट सोडतं. मित्रांनी वाचून "असं कुठं असते का बे" म्हणून वही परत दिली, आणि आता तुला विचारायचंय की गेमच्या मशीननं खरंच जीव जातो का, आणि जात असेल तर नेमका कसा. मला काका म्हटलंस म्हणून मी तूच म्हणतो. १९९३ पासून नागपूरच्या बर्डीत टीव्ही आणि गेम रिपेअर करून राहिलो, कॅसेटवाल्या टीव्ही गेमपासून आजच्या कन्सोलपर्यंत सगळं टेबलावर उघडलंय, तर जरा सविस्तरच लिहितो.

आधी हेडसेटचा निकाल लावू. हेडसेट उघडला की आत दोन छोटे स्क्रीन, भिंगं, डोकं कुठं वळलं ते ओळखणारे सेन्सर, दोन-चार कॅमेरे आणि एक लिथियम बॅटरी निघते, बस. त्यातल्या व्होल्टेजनं कवटीच्या आत करंट जात नाही, बाहेरच्या कातडीलाही जाणवत नाही. काही गोष्टींत हेडसेट मायक्रोवेव्हनं मेंदू भाजतो असं दाखवतात, पण हिशोब कर ना, घरचा मायक्रोवेव्ह भिंतीतून हजार-बाराशे वॅट खेचतो आणि हेडसेटची बॅटरी असते १४ ते १९ वॅट-तासांची, म्हणजे समजा तिनं एवढा जोर दिलाच (देत नाही) तरी मिनिटभरात खलास. हां, एकानं खरंच मारणारा हेडसेट बनवलाय. ऑक्युलस कंपनी काढणारा पामर लकी, त्यानं ६ नोव्हेंबर २०२२ ला स्वतःच लिहिलं की मी हेडसेटच्या कपाळावर स्फोटकाचे तीन मॉड्यूल बसवलेत, आणि स्क्रीनवर गेम ओव्हरचा ठरावीक लाल रंग ठरावीक वेगानं चमकला की फोटोसेन्सर ते ओळखून बार उडवतो. ती तारीखही त्यानं एका जपानी गोष्टीतली घेतली होती. पण घालून बघायची हिंमत झाली नाही असंही त्यानंच लिहिलंय, तो ऑफिसात शोभेला ठेवलाय. म्हणजे बघ, हेडसेटनं माणूस मारायला शेवटी दारूगोळाच लावावा लागला. तुझ्या कथेतला हा भाग काढून टाक, त्यात तुझी मेहनत वाया जाऊन राहिली.

पार्लरवाला भाग मात्र ठेव. त्यात दम आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिलाय.

१९९८ चा मे महिना. आमच्या उस्तादांकडे नागपूरच्या महाल भागातल्या एका पार्लरचं काम होतं, चार मशीन, एकावर मुस्तफा नावाच्या गेमचा बोर्ड, बाकी तिन्हींवर मारामारीचे गेम. ही मशीनं काही जपानहून आलेली नव्हती, इथंच सुताराकडून प्लायचा डबा बनवायचा, वर पत्र्याचं पॅनल, त्यात जॉयस्टिक आणि बटणं, आत गेमचा बोर्ड आणि मॉनिटर म्हणून जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि चेसिस, म्हणजे टीव्हीच्या आतलं सगळं सर्किट. आता त्या काळच्या पुष्कळ टीव्हींत चेसिस 'हॉट' असायची, म्हणजे भिंतीतल्या सप्लायची एक वायर थेट चेसिसला जोडलेली. टीव्हीच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ती बंद असते तोवर कोणाला काही होत नाही. पण तीच चेसिस गेमला लावली की बोर्डाचा ग्राउंड तिला जोडला जातो, आणि बोर्डाचा ग्राउंड वायरनं येऊन जॉयस्टिकच्या पत्र्याला स्क्रूनं कसलेला असतो. म्हणून मधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावतात, तो सप्लाय आणि चेसिस यांचा थेट संबंध तोडतो. त्या चारपैकी एका मशीनचा ट्रान्सफॉर्मर मार्चमधी जळाला होता, आणि मालकानं नवा येईपर्यंत कोणाकडून तरी डायरेक्ट करून घेतलं. नवा काही आला नाही.

त्यानंतर मालकानं मला बोलावलं. नव्या जागी सरकवलेल्या त्याच मशीनजवळ टूपिनचा बोर्ड होता आणि मशीनला थ्रीपिनचा टॉप, म्हणजे प्लग, तर एवढं बदलून दे म्हणाला. मी एकोणीस वर्षांचा होतो. थ्रीपिन कापला, टूपिन लावला, पाच रुपये घेतले. आत काय आहे ते उघडून पाहिलं नाही.

थ्रीपिन एकाच बाजूनं बसतो. टूपिन दोन्ही बाजूंनी बसतो. हे वाक्य तुझ्या वहीत लिहून ठेव, तुझी अख्खी कथा त्यात आहे. एका बाजूनं लावला तर चेसिस न्यूट्रलवर, पत्र्याला हात लावला तरी काही नाही. उलटा लावला की तोच पत्रा फेजवर, २३० व्होल्ट. दोन महिने प्लग सुलटा होता आणि रोज पन्नास पोट्टे त्या जॉयस्टिकवर हात घासत होते. मग एका दुपारी कूलरसाठी जागा हवी म्हणून कोणीतरी प्लग काढला आणि नंतर परत लावला.

आम्ही त्या दिवशी दुसऱ्या मशीनचं बटण बदलायला गेलो होतो. मी त्या पोराच्या मागं तीन फुटांवर उभा राहून त्याचा गेम बघत होतो. दहा-अकरा वर्षांचा, हात पुरत नाही म्हणून लाकडी खोक्यावर चढलेला, एका पायात स्लिपर आणि दुसरा पाय उघडा, आणि कूलरच्या टाकीतून गळलेल्या पाण्यानं फरशी आणि ते खोकं दोन्ही ओले. त्यानं जॉयस्टिक धरली आणि त्याचा हात थरथरायला लागला, खांदा, मान, सगळं. मला वाटलं जोरात खेळून राहिला. मागच्या पोट्ट्यांनाही तेच वाटलं, एक जण "मार मार मार" ओरडत होता. आवाज त्याच्या तोंडून निघत नव्हता, कारण छातीचे स्नायूही तसेच आवळलेले असतात.

उस्ताद कोपऱ्यात खाली बसून सोल्डरिंग करत होते. त्यांनी मान वर केली आणि पडद्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं नाही. पोराचा हात हलत होता आणि गेममधला माणूस हलत नव्हता. नुसता उभा राहून मार खात होता. उस्तादांनी दोन ढांगांत येऊन वायरीला हिसडा दिला आणि प्लग उपसला. पडदा मिटायच्या आधी गेममधला माणूस मेला होता आणि कंटिन्यूची उलटी मोजणी चालू झाली होती, नवीन नाणं टाका म्हणून. ती मला आजही झोपेत दिसते.

पोट्टा खाली पडला, पांढराफटक, मग काही सेकंदांनी मोठ्यानं रडला. वाचला तो. तळहातावर जॉयस्टिकच्या दांड्याएवढा पांढरा डाग राहिला. त्याला दवाखान्यात पाठवल्यावर उस्तादांनी पार्लर रिकामं केलं, पाणी पुसून घेतलं, प्लग परत तसाच लावला आणि पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला. प्लग काढून उलटा लावला. दिवा विझला. परत उलटा, परत लागला. मग विचारलं, "टॉप कोणं बदलला?" मी म्हटलं, मी. ते काही बोलले नाही. कापलेला थ्रीपिन मी नंतर सामानाच्या पेटीतून काढून ठेवला, अजून माझ्या गल्ल्याच्या ड्रॉवरमधी आहे.

तर तू विचारलं होतं जीव कसा जातो, ते असं. जीव किती करंट गेला त्यावर जातो, व्होल्टच्या आकड्याला घाबरून उपयोग नाही. वाहत्या वायरीला हात आवळला गेला की तो आपण होऊन सोडता येण्याची सीमा पुरुषांची साधारण १६ मिलिअँपिअर, बायांची १०-११, पोरांची त्याहून कमी. छातीतून ५०-१०० मिलिअँपिअर सेकंदभर गेला की हृदयाचा ठोका बिघडून ते नुसतं थरथरायला लागतं. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो, म्हणजे २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर, सरळ हिशोब. तो पोट्टा वाचला तो स्लिपरमुळं आणि खोक्याच्या लाकडामुळं. आणि एमसीबी? सहा अँपिअरची एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, माणूस मरून जाईल तरी ती चालूच राहील, तिचं काम वायर वाचवायचं आहे. माणूस वाचवते ती आरसीसीबी, आपल्याकडं दुकानात ईएलसीबी म्हणून मागतात ती, ३० मिलिअँपिअरची. गेलेला करंट परत आला नाही हे ती ओळखते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत सप्लाय तोडते. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या पत्र्याला चिकटून माणसं जातात, पेपरात आपण वाचतोच, आणि तरी घरोघरी ही एक वस्तू लावलेली नसते याचं मला फार वाईट वाटतं.

अर्थिंगचंही तसंच. काळ्या मातीत खड्डा करून कोळसा-मीठ टाकून अर्थिंग केलेलं असतं, पावसाळ्यात झकास चालतं, आणि एप्रिल-मे मधी माती भेगाळून कोरडी पडली की रोध वाढतो, अर्थिंग नावापुरतं राहतं. म्हणजे ज्या महिन्यात कूलर चालू असतात, पोट्टे सुट्टीत घरी असतात, उघड्या पायानं ओल्या फरशीवर गेम खेळतात, नेमक्या त्याच महिन्यात जमीन आपला हात सोडते. तुझी कथा मे महिन्यात घाल, दिवाळीत नको. आणि हो, खड्ड्यात आठ दिवसांनी बादलीभर पाणी टाकत जा.

अजून एक, हे लेखकाला उपयोगाचं आहे. कन्सोल किंवा लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर बोट फिरवलं की कधी झिणझिण होते, माहीत असेल. अर्थिंग नसलं की पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या छोट्या कॅपॅसिटरमधून थोडासा करंट गळतो, अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत, त्यानं काही होत नाही. पण वायरीचं इन्सुलेशन कुठंतरी घासलं गेलंय आणि तुझे पाय कोरडे आहेत, तरीही अशीच झिणझिण होते. बोटाला दोन्ही सारख्याच वाटतात. एक आयुष्यभर निरुपद्रवी राहते, दुसरी पाय ओले व्हायची वाट पाहते. लोक मला सांगतात "काका, थोडा करंट मारते पण चालू आहे", तेव्हा मी पुढचं काही न ऐकता आधी प्लग काढा म्हणतो.

आता पिक्चर ट्यूब. भुताची गोष्ट लिहायची तर याच्याएवढं सामान दुसरीकडं नाही मिळणार. एकवीस इंची रंगीत ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे जिथं हाय व्होल्टेजची वायर लागते त्या टोकावर, वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि ट्यूबची काच हीच एक मोठी कॅपॅसिटर असते, आतून एक काळा थर, बाहेरून एक, मधी काच. टीव्ही बंद केला, प्लग काढला, रात्रभर तसाच ठेवला, तरी सकाळी तो चार्ज आत बसलेला असू शकतो. आम्ही स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या जाळीला लावतो आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक अॅनोडच्या रबरी टोपीखाली सरकवतो, चट् असा आवाज येतो, निळी ठिणगी, आणि मग हात घालतो. पण पहिल्या वर्षी उस्तादांनी मला शिकवलं की एकदा काढला म्हणून गेला समजू नको, पाच-दहा मिनिटं थांब आणि परत काढ, कारण काचेच्या आत मुरलेला थोडा चार्ज हळूहळू परत वर येतो. मी थांबलो, परत टोक लावलं, परत चट् झालं. प्लग माझ्या खिशात होता.

खरं सांगायचं तर या पंचवीस हजारांनी माणूस मरायची शक्यता कमी, त्यात साठलेली ताकद ज्यूलभरसुद्धा नसते. हात असा फेकला जातो की चेसिसच्या पत्र्यानं कापतो, किंवा ट्यूबची मान तुटते. त्याच्या बाजूला बसलेला पॉवर सप्लायचा मोठा कॅपॅसिटर जास्त वाईट. त्याच्यावर ३२५ व्होल्ट डीसी, २२० मायक्रोफॅरडचा असला तर अकरा-बारा ज्यूल, आणि हा आजच्या पीसीच्या, कन्सोलच्या सप्लायमधीही असतोच. यूट्यूब बघून घरी सप्लाय उघडू नको, एवढं ऐक माझं.

ट्यूबवाल्या मशीनची अजून एक गोष्ट. आपल्याकडच्या टीव्हीत फ्लायबॅक, म्हणजे ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर, सेकंदाला १५,६२५ वेळा धडकतो आणि त्याची एक बारीक शिट्टी येते. लहान पोरांना ती स्पष्ट ऐकू येते, वय वाढलं की एवढा उंच आवाज कानाला लागेनासा होतो. म्हणजे तुझ्या कथेत नातू म्हणेल "आजोबा, मशीन शिट्टी मारून राहिलं", आणि आजोबांना खरंच काही ऐकू येणार नाही, ते म्हणतील बंद आहे ते, तुझे कान वाजतात. दोघंही खरं बोलत असतील. वासाचंही तसंच आहे, जुना बॅकेलाईटचा स्विच किंवा सॉकेट आतून तापून जळायला लागलं की बऱ्याचदा मासळीसारखा वास येतो, धूर दिसायच्या पुष्कळ आधी. शाकाहारी घरात दुपारी तीन वाजता मासळीचा वास सुटला आणि कोणाला कुठून येतोय ते सापडत नाही, एवढं लिहिलं तरी माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येईल.

पडद्यातूनच काही होतं का असंही विचारलंस. होतं. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमधी एका कार्टूनच्या भागात लाल-निळे झटके सेकंदाला बाराच्या आसपास चमकले आणि ६८५ जणांना, बहुतेक पोरंच, दवाखान्यात न्यावं लागलं. कोणी गेलं नाही त्यात. ही फोटोसेन्सिटिव्ह, म्हणजे चमकत्या उजेडानं येणारी मिरगी, सेकंदाला पंधरा ते पंचवीस झटके सगळ्यात वाईट, त्यातही भडक लाल. म्हणून स्क्रीनवर सेकंदाला तीनपेक्षा जास्त झटके नकोत असा नियम ठरलाय. आता आपल्याकडचं चित्र बघ, मे मधी ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांना पडदे, खोलीत अंधार, रात्री लाईट गेल्यानं झोप अपुरी, आणि पोट्टा टीव्हीला नाक लावून बसलेला. त्याला झटक्यांचा त्रास व्हायचा असेल तर आपण सगळी तयारी करून दिलेली असते. आणि त्रास सुरू झाला तर डोळे मिटून भागत नाही, पापणीतून लाल उजेड आत येतोच, एका डोळ्यावर तळहात पूर्ण झाकून तोंड वळवायचं.

मोबाईलवाले पोट्टे आजकाल जास्त, त्यांचं वेगळंच. लिथियम बॅटरी चार्ज करायची वरची सीमा साधारण ४५ अंश धरतात, आणि आपल्या स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर मे मधी खोलीच तेवढी तापते. त्यात चार्जिंगला लावून उशीवर ठेवून गेम. फुगलेली बॅटरी घेऊन दर उन्हाळ्यात लोक येतात, "मागचं झाकण उचललं गेलं, दाबून बसवून द्या". दाबायची नसते रे ती. मी ती वाळूच्या डब्यात ठेवतो आणि नवी घ्यायला सांगतो, रागावून जातात. बसून बसून मेलेलेही आहेत, २००५ मधी दक्षिण कोरियात एक माणूस इंटरनेट कॅफेत जवळपास पन्नास तास खेळून गेला, पण त्यावर तुझी कथा नको उभी करू, ती डॉक्टरनं लिहायची गोष्ट आहे.

मी असतो तर तुझ्या कथेतलं मशीन कोणालाच मारत नाही असं दाखवलं असतं. ट्रान्सफॉर्मर "नवा येईपर्यंत" काढणारा एक, टॉप बदलून पाच रुपये घेणारा एक, कूलरचं गळणं उद्या बघू म्हणणारा एक, आणि प्लग परत लावणारा एक. चौघांपैकी कोणालाच दुसऱ्यानं काय केलं ते माहीत नाही. वाचकाला मात्र पहिल्या पानापासून माहीत पाहिजे, आणि प्लग सुलटा असताना पोट्टे त्या मशीनवर हात ठेवतात, काढतात, ठेवतात, ते त्यानं दोन महिने बघत बसलं पाहिजे. आणि तुझ्या हिरोनं वाचवायला जाऊन चिकटलेल्या पोराला हात लावायचा नाही, तोही चिकटेल. आधी प्लग किंवा मेन स्विच, हाती लागला नाही तर कोरडं लाकूड. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, आणि कोणाला तरी १०८ लावायला सांगायचं. हे कथेत बरोबर लिही, कोणीतरी त्यातूनच शिकेल.

लिहून झालं की वही घेऊन बर्डीत ये. एक जुना ट्यूबवाला मॉनिटर माझ्याकडं अजून चालू आहे, झाकण काढून दाखवतो, लांबून. शिट्टी तुला ऐकू येईल, तुझं वय आहे. मला काही वर्षांपासून येत नाही. म्हणून आता उघडायच्या आधी दुकानातल्या पोट्ट्याला जवळ बोलावतो, विचारतो, बंद आहे ना रे? तो कान देऊन ऐकतो. तो हो म्हणाला तरी मी प्लग काढून खिशात टाकतो, आणि मगच स्क्रूड्रायव्हर उचलतो.